एमओटीडी : सर्व्हरच्या दारातल्या निरोपाची कुळकथा

उबुंटूच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन केलं, पासवर्ड पटला, की कमांड टाइप करायची संधी मिळण्याआधीच दहा-पंधरा ओळी झरझर पडद्यावर उमटतात. सिस्टिम लोड ०.०८. मुख्य डिस्क ४१ टक्के भरलेली. मेमरी ६२ टक्के वापरात, स्वॅप शून्य. चालू प्रोसेस १३४, लॉगिन असलेला वापरकर्ता १, मग आयपी पत्ता. त्याखाली किती अपडेट बाकी आहेत ते, आणि कधी कधी अगदी शेवटी एकच ओळ : सिस्टिम रिस्टार्ट करणं गरजेचं आहे. रात्री दोन वाजता साइट बंद पडल्याचा फोन येतो, झोपेतून उठलेला ॲडमिन घाईने लॉगिन करतो आणि डिस्क १०० टक्के भरल्याचं त्याला याच ओळींत दिसतं. निम्मं निदान तिथेच होऊन जातं.

या निरोपाला मेसेज ऑफ द डे, थोडक्यात एमओटीडी म्हणतात. आज तो मशीन स्वतःच लिहितं. साठ वर्षांपूर्वी माणूस लिहीत असे. मधल्या काळात या मोक्याच्या जागेवर बोलायचा हक्क कुणाचा, यावरून बरंच काही घडून गेलं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटीत झाली. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच महागडा आयबीएम संगणक अनेकांनी एकाच वेळी, आपापल्या खोलीतल्या टर्मिनलवरून वापरायचा, ही तिची कल्पना. त्यातून एक साधी अडचण उभी राहिली. एकमेकांना न दिसणाऱ्या या सगळ्यांना उद्या मशीन दुरुस्तीसाठी बंद आहे, हे सांगायचं कसं? सगळे जण न चुकता जातात अशी जागा एकच होती, ती म्हणजे लॉगिन. तिथे एक फाइल ठेवली, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे ती छापली जाऊ लागली.

या फाइलने लवकरच संगणक-सुरक्षेच्या इतिहासातला एक गाजलेला अपघात घडवला. १९६०च्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. शुक्रवार, संध्याकाळचे पाच. लॉगिन करणाऱ्यांच्या टर्मिनलवर रोजच्या निरोपाऐवजी सगळ्या वापरकर्त्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले, तेही साध्या वाचता येण्याजोग्या अक्षरांत! कारण अगदी साधं होतं. सीटीएसएसचा एडिटर तात्पुरती फाइल नेहमी एकाच ठरलेल्या नावाने बनवत असे. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. पुढे व्यवस्थापकांच्या डिरेक्टरीत अनेकांना एकदम काम करायची सोय झाली, पण एडिटरचं गृहीतक तेच राहिलं. त्या दिवशी एक जण निरोपाची फाइल बदलत होता, दुसरा पासवर्डची. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचं नाव एकच, त्यामुळे मजकुराची अदलाबदल झाली. विल्यम मॅथ्यूज या वापरकर्त्याच्या ते लक्षात आलं. त्याने डिबगरमधून स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालवत राहणारी एक सूचना देऊन अख्खी प्रणालीच बंद पाडली. वापरकर्त्याने मशीन पाडावं आणि त्याबद्दल सगळ्यांनी त्याचं ऋणी असावं, असं क्वचितच घडतं. प्रणाली सांभाळणाऱ्यांपैकी एक, टॉम व्हॅन व्लेक यांची ती संध्याकाळ मात्र लोकांचे पासवर्ड बदलण्यात गेली. कॉर्बातोंना पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी हा किस्सा स्वतःहून सांगितला.

युनिक्सने ही प्रथा उचलली. ईटीसी डिरेक्टरीत एमओटीडी नावाची साधी मजकूर-फाइल, आणि लॉगिन झाल्यावर ती जशीच्या तशी दाखवणारा प्रोग्राम. १९७९च्या सातव्या आवृत्तीतल्या लॉगिनच्या कोडमध्ये ही सोय दिसते. त्या काळच्या लोकप्रिय टेलिटाइप मॉडेल ३३चा वेग सेकंदाला दहा अक्षरं. म्हणजे सहाशे अक्षरांचा निरोप छापून व्हायला पुरता एक मिनिट, तोवर माणूस खोळंबलेला. निरोप आखूड असावा हा संकेत अशा यंत्रांवर आपोआप पाळला जाई. बर्कलीच्या युनिक्सने पुढे आणखी एक सोय दिली : आपल्या होम डिरेक्टरीत हशलॉगिन नावाची रिकामी फाइल ठेवली, की निरोप गप्प.

१९९२ मध्ये या दारात कायदा येऊन उभा राहिला. घुसखोरांच्या कळदाबांची नोंद ठेवायची असेल, तर तशी पूर्वसूचना लॉगिनवेळी दाखवा, असा सल्ला अमेरिकेच्या न्याय खात्याने दिला आणि सर्ट या संस्थेने तो सगळीकडे पोचवला. 'फक्त अधिकृत वापरासाठी' छापाच्या पाट्या आज बँकांच्या आणि सरकारी सर्व्हरांवर दिसतात, त्यामागे या सल्ल्याचा मोठा वाटा आहे.

आता मशीनच्या स्वतःच्या बोलण्याकडे. तिथला सगळ्यात जुना आकडा लोड ॲव्हरेजचा. १९७० च्या दशकात पीडीपी-१० संगणकांवर टेनेक्स ही प्रणाली चालत असे. तिच्या जुलै १९७३ मधल्या लोड ॲव्हरेजचे तक्ते ऑगस्टमध्ये आरएफसी ५४६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. प्रोसेसरसाठी सरासरी किती कामं रांगेत आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या तीन सरासऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या, की ताण चढतोय की उतरतोय ते एका नजरेत कळतं. लिनक्समध्ये १९९३ पासून डिस्कची वाट पाहत अडकलेल्या कामांचीही यात गणती होते. म्हणून कधी कधी लोड वीसवर गेलेला असतो आणि प्रोसेसर मात्र निवांत. नवख्या ॲडमिनचा इथे हमखास गोंधळ उडतो.

हे आकडे निरोपात आणण्याचं श्रेय मुख्यतः उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या डस्टिन कर्कलंड यांना जातं. २०००च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी उबुंटूसाठी अपडेट-एमओटीडी ही रचना लिहिली. एका फाइलीऐवजी एक डिरेक्टरी, तिच्यात लहान लहान स्क्रिप्ट, आणि त्या सगळ्यांनी छापलेल्या मजकुराची मोळी म्हणजे निरोप. सुरुवातीला क्रॉन ठरावीक वेळाने त्या चालवत असे. त्यात मजकूर शिळा पडायचा, आणि कुणी लॉगिन करो न करो, स्क्रिप्ट धावतच राहायच्या. लवकरच हे काम पॅमच्या, म्हणजे लॉगिनची तपासणी करणाऱ्या यंत्रणेच्या, मॉड्यूलकडे गेलं आणि स्क्रिप्ट ऐन लॉगिनच्या वेळी चालू लागल्या.

या रचनेतला सगळ्यात समंजस भाग सिस्टिमची माहिती देणाऱ्या, कॅनॉनिकलच्याच लँडस्केप या साधनाच्या स्क्रिप्टमध्ये आहे. ती आधी प्रोसेसरचे कोअर मोजते. लोड त्या संख्येच्या वर असेल, तर आकडे गोळा करायच्या फंदातच पडत नाही; ताण जास्त असल्यामुळे माहिती बंद ठेवली आहे, एवढी एक ओळ छापून बाजूला होते. संकटातल्या मशीनवर आणखी ओझं टाकायचं नाही आणि वाचवायला आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, हा विचार ज्याला सुचला त्याने अडलेले सर्व्हर जवळून पाहिले असणार.

नवी सोय नव्या फटीही घेऊन आली. २०१० मध्ये पॅमच्या याच मॉड्यूलमध्ये गंभीर त्रुटी सापडली. कायदेशीर सूचना एकदा दाखवली, याची खूण ते वापरकर्त्याच्या कॅश डिरेक्टरीत ठेवत असे, आणि तेही रूटच्या अधिकाराने. तिथे दुसरीकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवली, की मशीनवरच्या कुठल्याही फाइलीची मालकी साध्या वापरकर्त्याच्या हाती जाई. पुढे २०१७ मध्ये उबुंटूने निरोपात कॅनॉनिकलच्या सर्व्हरवरून बातम्या आणायला सुरुवात केली. त्यात एचबीओच्या 'सिलिकॉन व्हॅली' मालिकेतल्या ॲपविषयीच्या लेखाची ओळ झळकली आणि ॲडमिन मंडळी संतापली. त्यांचा संताप रास्त होता. आपल्या सर्व्हरच्या दारात काय दिसावं, हे ठरवायचा हक्क सर्व्हर सांभाळणाऱ्याचा.

स्वतःची स्क्रिप्ट लिहायला फार लागत नाही : होस्टनेम, अपटाइम, फ्री आणि डीएफ या चार कमांडी पुरतात. नाव दोन आकडी क्रमांकाने सुरू करायचं, म्हणजे निरोपात आपली ओळ कुठे येणार ते ठरतं. फाइलला एक्झिक्युट परवानगी द्यायची. नावाला डॉट-एसएच शेपूट लावलं तर ती मुकाट्याने वगळली जाते, आणि का, ते शोधण्यात संध्याकाळ जाते. स्क्रिप्ट रूट म्हणून चालते, तेव्हा ती बदलायचा अधिकार रूटशिवाय कुणालाही नको. खरा धोका डीएफचा आहे. नेटवर्कवरून जोडलेली एनएफएसची डिस्क गप्प झाली, तर डीएफ तिच्या उत्तराची वाट पाहत बसतं, आणि त्याच्यामागे लॉगिनही. ज्या रात्री आत शिरणं सगळ्यात निकडीचं, नेमकं त्याच रात्री दार अडतं. डीएफला फक्त स्थानिक डिस्क पाहायला सांगणारा उणे-एल पर्याय म्हणूनच विसरायचा नाही.

काही जण हा खटाटोप टाळून स्वागताचा मजकूर थेट बॅशआरसी फाइलीत घालतात. माणसाने लॉगिन केलं तर सगळं ठीक दिसतं. पण फाइली नेणारा एसएफटीपीसुद्धा याच वाटेने येतो, आणि त्याला सर्व्हरकडून पहिल्या चार बाइटमध्ये पुढच्या संदेशाची लांबी हवी असते. तिथे त्याला इंग्रजी 'वेलकम' मिळतं. त्या शब्दाची पहिली चार अक्षरं तो आकडा म्हणून वाचतो आणि तक्रार करतो, की संदेश फार लांब आहे : १४६६२६४६७५ बाइट.