मेक्सिकोचा विमानतळ आणि निर्णयाचा तराजू

घरांत चार माणसें असलीं म्हणजे मुलीच्या स्थळाविषयींहि चार मतें पडतात. मग लाखों लोकांच्या हिताहिताचा प्रश्न एका खोलींत बसून सोडवूं पाहणारांची काय अवस्था होत असेल? एकाला खर्च दिसतो, दुसऱ्याला सोय, तिसऱ्याला धोका; आणि प्रत्येकाचें म्हणणें आपापल्या परी खरें असतें. हीं सर्व कारणें एकाच तराजूंत तोलतां आलीं तर किती बरें होईल, हा विचार जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणक हाताशीं आल्यावर तो प्रत्यक्षांत आणण्याचे जे मोठे प्रयत्न झाले, त्यांपैकीं एक मेक्सिको देशाच्या राजधानींत झाला. ती हकीकत पन्नास वर्षांवर पसरली आहे, आणि तिचा शेवट आरंभाइतकाच बोधप्रद आहे.

मेक्सिको शहर एका पुरातन सरोवराच्या गाळावर वसलें आहे. तेथील विमानतळ टेस्कोको नांवाच्या त्या सरोवराच्या आटलेल्या पात्रांत, शहराच्या मध्यापासून सुमारें 8 किलोमीटरांवर आहे. जमीन मऊ, भोंवतीं दाट वस्ती आणि वाहतूक दिवसेंदिवस वाढती! 1970 च्या सुमारास दोन सरकारी खात्यांत वाद जुंपला. दळणवळण खातें म्हणे, आहे तोच विमानतळ वाढवा. बांधकाम खातें म्हणे, उत्तरेस सुमारें 40 किलोमीटरांवर सुंपांगो येथें नवा बांधा. 1971 सालीं बांधकाम खात्यानें राल्फ कीनी व रिचर्ड द न्यूफव्हिल या अमेरिकेंतील अभ्यासकांचें साह्य घेतलें.

त्यांनीं प्रथम सहा कसोट्या ठरविल्या: खर्च, विमानतळाची क्षमता, प्रवाशांस तेथें पोंचण्यास लागणारा वेळ, अपघातांतील जीवितहानि, विस्थापित होणाऱ्या माणसांची संख्या आणि कर्कश आवाजाचा त्रास सोसणाऱ्यांची संख्या. विमानवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय, अंतर्देशीय, खासगी व लष्करी असे चार प्रकार. प्रत्येकास दोनांपैकीं एक जागा. म्हणजे एका वर्षापुरते 16 पर्याय, आणि 1975, 1985 व 1995 अशीं तीन वर्षें धरलीं तर 4096! मनुष्याच्या ध्यानांत इतके पर्याय एका वेळीं कसे राहावेत? म्हणून हिशेबाचें काम संगणकाकडे सोंपविलें. मात्र कोणत्या गोष्टीस किती वजन द्यावयाचें, हें यंत्रास ठाऊक नव्हतें. त्यासाठीं खात्यांतील अधिकाऱ्यांस एकामागून एक प्रश्न विचारण्यांत आले: प्रवासास फार वेळ लागण्याची निम्मी व थोडा लागण्याची निम्मी शक्यता असेल, तर तिच्याऐवजीं निश्चित असा किती वेळ पत्कराल? इतका खर्च वाचत असेल, तर त्याच्या मोबदल्यांत काय सोसाल?

या प्रश्नोत्तरांचा परिणाम नवलाचा झाला. सर्व वाहतूक तांतडीनें सुंपांगोस हलवावी, असा बांधकाम खात्याचा मूळचा आग्रह होता. आंकडे पुढें आल्यावर तो मवाळ झाला. एकदम सर्वस्व पणास न लावतां, परिस्थिति पाहत टप्प्याटप्प्यानें पावलें टाकावींत, असा सल्ला निघाला. स्वतःचेंच मत तपासावयास लावणारें साधन म्हणून या पद्धतीची थोरवी येथें मान्य केली पाहिजे.

परंतु वजनें ठरविणारे कोण होते? अधिकारीच. विस्थापित होणारा शेतकरी त्या गणितांत होता, पण केवळ एक आंकडा म्हणून. त्याला कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. पुढें सरकार जुनाच विमानतळ वाढवीत राहिलें. 2001 सालीं टेस्कोकोच्या परिसरांत नव्या विमानतळासाठीं शेतजमिनी ताब्यांत घेण्याचें फर्मान निघालें. मोबदला चौरस मीटरला सुमारें 7 पेसो! सान साल्वादोर आतेंको गांवचे शेतकरी कोयते घेऊन रस्त्यावर उतरले, आणि ऑगस्ट 2002 मध्यें सरकारास ती योजना सोडून द्यावी लागली. ज्याचें जळतें त्याला कळतें. त्या कळण्याला कोणत्या रकान्यांत बसवावें?

2014 सालीं टेस्कोकोच्याच पात्रांत नवा विमानतळ बांधण्याचें जाहीर झालें. बरेंच काम झाल्यावर, ऑक्टोबर 2018 मध्यें, लोकांचा कौल घेण्यांत आला. सुमारें 10 लाख 67 हजार लोकांनीं मत दिलें. बारा कोटींहून अधिक वस्तीच्या देशांत ही संख्या लहानच. पण त्यांपैकीं जवळजवळ 70 टक्क्यांनीं टेस्कोको नाकारून सान्ता लुसिया येथील लष्करी तळाची निवड केली. हा तळ सुंपांगोच्याच हद्दींत आहे. 21 मार्च 2022 रोजीं तेथें नवा विमानतळ खुला झाला, आणि जुनाहि चालूच राहिला. दोन्ही जागा राखण्याचा मार्ग अर्ध्या शतकानंतर असा पुन्हां समोर आला!

यावरून यंत्राचा विजय झाला असें म्हणावें काय? तसें म्हणवत नाहीं. 1971 सालीं तराजू उत्तम होता, पण तोलावयास बोलाविलेलीं माणसें थोडीं होतीं. 2018 सालीं दार सर्वांस उघडें होतें, पण तराजू नव्हता. खर्च, जमीन, आवाज, सरोवराचें भवितव्य हें सर्व दोन चौकटींपैकीं एकींत कोंबावें लागलें. आज पुष्कळ कचेऱ्यांतून निर्णयास साह्य करणाऱ्या आज्ञावली वापरल्या जातात. त्यांनीं काढलेलें उत्तर समोर आलें म्हणजे बेरीज बरोबर आहे कीं नाहीं, हें विचारण्याची गरज क्वचितच पडेल. वजनें कोणीं घातलीं, आणि ज्यांच्या घरावरून विमानें जाणार त्यांस तीं पाहावयास मिळालीं कां, हें मात्र प्रत्येक वेळीं विचारावें लागेल.