भात आणि बजि : नेवार समाजाच्या अन्नव्यवहाराचा विचार

काठमांडू खोऱ्यातील नेवार हा एक समाज मानावा की अनेक जातींचा समुच्चय, हा नेपाळच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय. २०२१ च्या जनगणनेने त्या देशात १४२ जाति-जमाती व १२४ मातृभाषा नोंदविल्या आणि १३,४१,३६३ नेवारांस, म्हणजे शेकडा ४.६ लोकसंख्येस, एकाच नावाखाली मोजले. १८५४ च्या 'मुलुकी ऐन' या संहितेची दृष्टी याच्या उलट होती. जंगबहादूर राणाच्या राजवटीतील या कायद्याने नेवारांतील राजोपाध्याय ब्राह्मणांस द्विजांत बसविले, ज्यापू शेतकऱ्यांस मद्यपान करणाऱ्या वर्गात घातले, आणि खड्गी या खाटकांच्या हातचे पाणी निषिद्ध ठरविले.

या विरोधाचा उलगडा नेवारांच्या अन्नव्यवहारात बराचसा होतो. पाण्यात शिजविलेला भात स्वजातीबाहेरील माणसाच्या हातून घ्यावयाचा नाही, हा निर्बंध तेथे दृढ होता. 'बजि' म्हणजे पोहे यांच्याबाबतीत मात्र तो पुष्कळच शिथिल असे. भात भिजवून, भाजून, कांडून केलेले हे अन्न सोवळ्याच्या कडक नियमांतून सुटते. म्हणूनच 'भोय्' म्हणजे समूहभोजन यात पानावर प्रथम बजि येते. 'समय बजि' या मांगलिक ताटात पोह्यांबरोबर काळे सोयाबीन, आले, उडदाचे वा मुगाचे 'वो', सुकी मासळी आणि म्हशीच्या मांसाचा 'छोयला' असतो. सोबतीस 'अय्ला' हे ऊर्ध्वपातित मद्य. श्रावणी पौर्णिमेस नऊ कडधान्यांची 'क्वाति' आणि मार्गशीर्षातील पौर्णिमेस गुळाचे सारण भरलेली 'योमरि' हे पदार्थ याच व्यवस्थेतील ऋतुचिन्हे होत.

तथापि एकत्र भोजन म्हणजे समता नव्हे. पंक्तीत वयोमानाने बसावयाचे असते. 'सिकाःभू' या विधीत बळी दिलेल्या पशूच्या मस्तकाचे डोळे, कान, जीभ इत्यादी भाग ज्येष्ठतेच्या क्रमाने वाटले जातात. पंक्तीतील स्थान येथे प्रत्यक्ष खाऊन ठरते. शिवाय ज्याचे मांस पंक्तीत मान्य, त्या खड्गीच्या हातचे पाणी मात्र अमान्य, ही विसंगती दृष्टिआड करता येत नाही. बजिने भेद पुसला नाही. त्यास सह्य केले.

या पंक्तीस आर्थिक आधार पुरविला तो 'गुठी' या संस्थेने. जमिनीच्या उत्पन्नातून पूजा, अंत्यसंस्कार व भोजन यांचा खर्च चालविणाऱ्या या मंडळांच्या जमिनींविषयीचे विधेयक नेपाळ सरकारने जून २०१९ मध्ये तीव्र विरोधामुळे मागे घेतले. त्या विरोधाचा अर्थ केवळ मालमत्तेपुरता मर्यादित नव्हता. जमीन गेल्यास पंक्ती मोडते व पंक्ती मोडल्यास समाजाची गणना उरते, बंध उरत नाही, ही जाणीव त्यामागे होती. म्हणूनच कार्तिक शुद्ध प्रतिपदेस कुटुंबाने एकत्र बसून करावयाची 'म्हपूजा' हा नेपाळ संवताचा नववर्षदिन होय. इ. स. ८७९ मध्ये सुरू झालेल्या या संवतास २००८ साली राष्ट्रीय मान्यता मिळाली. घरातील मंडल व राष्ट्राचे दिनमान यांची ही गाठ पाहता, नेवारांचे ऐक्य रक्तात वा कायद्यात शोधण्यापेक्षा वारंवार मांडल्या जाणाऱ्या पानात शोधणे इतिहासकारास अधिक फलदायी ठरेल.