तंबोऱ्याची बैठक

वाद्याचा इतिहास सांगणारे लोक ते कोणी घडविले, कोणी वाजविले आणि कोणत्या दरबारात त्याचा मान झाला, एवढे सांगून थांबतात. मैफल उठल्यावर ते वाद्य कोठे ठेवीत असत, हे कोणी सांगत नाही. वास्तविक वाद्याच्या आयुष्यात वाजण्याचे तास थोडे आणि नुसते ठेवून दिल्याचे तास फार. बासरी पिशवीत राहते, टाळ फडताळात राहतात. पण छातीएवढ्या उंचीच्या, गोल बुडाच्या तंबोऱ्याचे काय करावे? तो आपला आपण उभा राहत नाही आणि आडवा टाकला तर घरंगळतो. गाणाऱ्याच्या घरात हा प्रश्न दररोज उभा असतो.

गोल बुडाचे काय करावे, हे आमच्या खटाव-माणच्या बायकांना विचारावे. विहिरीहून दोन दोन कोस पाणी आणणाऱ्या या मुलखात घागर डोक्यावर ठरायची ती चुंबळीमुळे, आणि घरी आल्यावर ती ठेवायची घडवंचीवर. जुन्या लुगड्याचा पिळा करून त्याचे कडे वळले की झाली चुंबळ. एका बिंदूवर डुगडुगणारे वजन ती वर्तुळभर वाटून घेते. तबल्या-डग्ग्याखाली असते तीही चुंबळच, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली घालतात तीही तीच. शब्दही बदललेला नाही. गवयांनी ही युक्ती स्वैपाकघरातून उचलली असावी असे मला वाटते. अर्थात गवई तसे कबूल करणार नाहीत.

तंबोऱ्याला एवढे जपावे का लागते, हे समजण्यासाठी मिरजेस जावे. तेथील शिकलगार मंडळी मूळची हत्यारे घडविणारी व त्यांना धार लावणारी. इंग्रजी अमलात तलवारींचे दिवस सरले आणि हातातली कला रिकामी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने, फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोहिद्दीन यांनी वाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि दुरुस्तीतून पुढे नवी वाद्ये घडू लागली. घराण्याचे आडनाव सतारमेकर झाले. तलवारीची धार पारखणारी नजर पुढे जवारीवर बसली! घोडीचा माथा कानशीने किंचित किंचित उतरवून, तारेखाली सुताचा धागा सरकवून, तार नुसती वाजते तेथून ती बोलू लागते तेथपर्यंत न्यावयाची, हे काम डोळ्यांचे नव्हे, कानांचे आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही पावणेदोनशे वर्षांची मेहनत आहे.

दांडी व तबली तुणीच्या लाकडाची. भोपळा मात्र येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. तो भाजीचा नव्हे. कडू, जाड सालीचा आणि मोठ्या घेराचा. तो वेलावर पिकू द्यावयाचा, महिनोन् महिने वाळवावयाचा, कापून आतून साफ करावयाचा आणि मग गळ्याशी जोडावयाचा. लाकडाची दांडी मोडली तर सांधता येते. भोपळ्याला तडा गेला की कारागीर आतून कापड चिकटवून, वरून रोगण चढवून तो उभा करून देतो. पण पूर्वीचा नाद पुरता परत येईलच असा भरवसा तोही देत नाही. तेव्हा तंबोरा पडला तर फक्त पैशाचेच नुकसान होत नाही.

आमच्या भागातील एका शाळेत देणगीदाखल आलेला तंबोरा कपाट आणि भिंत यांच्या फटीत उभा करून ठेवीत असत. खाली गुळगुळीत शहाबादी फरशी, चुंबळ नाही, गवसणी नाही. एका दुपारी कोणी कपाट उघडले आणि तंबोरा बूड पुढे सरकून आपोआप निजला. त्या दिवसापासून प्रार्थना पेटीवर सुरू झाली.

मोठ्या वाद्याला आपल्याकडे आणखी एक बैठक होती, आणि ती म्हणजे माणूस. हरिनाम सप्ताह ज्यांनी पाहिला असेल त्यांना वीणेचा पहारा ठाऊक आहे. सप्ताह बसला की वीणा जमिनीवर टेकावयाची नाही. एक वीणेकरी थकला की दुसऱ्याने त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यावयाची. असे सात दिवस आणि सात रात्री. मध्यरात्री मंडपात चार म्हातारी माणसे जागी असतात, बाकी गाव झोपलेले असते. पण वीणा उभीच असते. सप्ताह उठला की ती गवसणी घालून देवळातल्या खुंटीवर जाते. लोखंडाची तिकटी आणून ठेवली असती तर हे काम तिनेही केले असते. परंतु वीणेला तिकटी मिळू नये यासाठीच तर तो पहारा असतो.

मैफलीत हेच काम शिष्य करीत असे. औंध हे आमच्याच खटाव तालुक्यातले, वडूजहून एस.टी.ने थोडक्या वेळात गाठता येणारे गाव. पंतप्रतिनिधींच्या या संस्थानात गाण्याला मोठा मान होता. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) यांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे औंधचे दरबारी गायक. त्यांचा जन्म 1881 साली किन्हईचा. आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी 1940 साली औंधला संगीतोत्सव सुरू केला. पुढे तो त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालविला. दिवाळीच्या अलीकडे आश्विनात हा उत्सव भरतो. अशा उत्सवात गवयाच्या मागे दोन तंबोरे लावून दोघे शिष्य बसलेले दिसतात. भोपळा मांडीशी, दांडी खांद्याजवळ, बोटे अखंड फिरती. तासन् तास पाय आखडतात, पण तंबोरा हलावयाचा नाही. श्रोत्यांना तो साथीदार वाटतो. खरे पाहता तो गुरूच्या पाठीमागे बसून, गुरूचा श्वास कोठे सुटतो आणि स्वर कोठे लागतो हे टिपत असतो. समोर बसून जे कळत नाही ते मागे बसून कळते. बाळकृष्णबुवांकडे मिरजेस शिकून 1896 साली बाहेर पडलेल्या विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे वर्गात आणले. तरी तंबोरा धरून मागे बसण्याची रीत त्यानंतरही मोडली नाही.

याच प्रश्नाला युरोपने निराळे उत्तर दिले. तेथील डबल बास हे वाद्य सुमारे सहा फूट उंच. व्हायोलिनच्या थोरल्या चुलत्यासारखे दिसणारे. त्याच्या बुडाशी लोखंडी खीळ असते. ती जमिनीवर टेकवून वादक उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून वाजवितो. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात हे वाद्य ज्यांच्या हातांनी रुळले त्यांत गोव्याचे वादक पुष्कळ. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून ते स्वरलिपी शिकून आलेले होते. जुन्या गाण्यांच्या तळाशी जो खोल, घुमणारा ठेका ऐकू येतो तो बहुधा याच वाद्याचा. पुढे विजेवरच्या बास गिटारने त्याची जागा घेतली. वाजवून झाल्यावर हा डबल बास एक तर कुशीवर निजवतात किंवा तिकटीवर उभा करतात.

ही तिकटी कशी निवडतात, हे तंबोरेवाल्यांनीही ऐकण्यासारखे आहे. पाय रुंद पसरणारे हवेत, कारण वाद्य उंच आणि वजन वरपर्यंत गेलेले. भार घ्यावयाचा तो पोटाच्या भरभक्कम कडांवर. घोडीवर किंवा तारांवर कधीही नाही. मानेला वरून नुसता आधार द्यावयाचा, तिच्यावर वजन टाकावयाचे नाही. जेथे जेथे स्पर्श होतो तेथे मऊ गादी हवी. मात्र काही रबरे जुन्या रोगणाला चिकटून डाग पाडतात, म्हणून वर सुती कापड गुंडाळलेले बरे. आणि तिकटी कितीही चांगली असली तरी दाराच्या वाटेत, पंख्याखाली किंवा पोरांच्या पायांत ठेवू नये.

आता बाजारात सतार-तंबोऱ्यांसाठीही लोखंडी तिकट्या मिळतात. मी त्यांना नावे ठेवणार नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात शिष्यही मिळत नाही आणि खुंटीला भिंतही मिळत नाही. पण पुष्कळशा तिकट्या गिटारच्या मापाच्या असतात. गिटारचे बूड चपटे, भोपळ्याचे गोल. दोन दांड्यांवर तो टेकला की सगळा भार सालीच्या दोन ठिपक्यांवर येतो. घ्यावयाचीच तर खाली कडे किंवा वाटीसारखी खोलगट बैठक असलेली घ्यावी आणि तिच्यातही कापड घालावे. विजेवरचा तंबोरा आल्यापासून पुष्कळांनी हा खटाटोपच सोडला. ती पेटी टेबलावर राहते, पडत नाही, उतरत नाही. तिच्यापाशी बसून सूर सापडतो हे खरे. पण तंबोरा लावताना कान जो तयार होतो, तो तेथे होत नाही.

ज्यांच्या घरी खरा तंबोरा आहे त्यांना जुनीच रीत पुरेशी आहे. दोन भिंतींचा कोपरा पाहावा. तो ओलीचा नसावा आणि तेथे ऊन येत नसावे. दांडी कोपऱ्यात टेकावी ती खुंट्यांच्या खाली. खुंटीच भिंतीला लागली तर ती फिरते आणि तार उतरते. बरेच दिवस वाजवावयाचा नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात. वर गवसणी हवीच. धुळीपेक्षा ती उंदरांसाठी. आणि खाली चुंबळ. मिरजेहून तंबोरा आणणाऱ्याने ती तेथेच मागून घ्यावी. नच मिळाली तर घरातल्या जुन्या सुती लुगड्याची करावी. पीळ घट्ट द्यावा, टोके दोऱ्याने शिवून टाकावीत आणि जाडी इतकी ठेवावी की भोपळा आत बसल्यावर त्याचे बूड जमिनीला लागता कामा नये. मधून बोट सरकले पाहिजे.