'सेन्दारा' : एका भारतीय शब्दाचा जपानमधील प्रवास

चिनी आगमांच्या अभ्यासासाठी आम्ही काही महिने जपानच्या नागानो प्रांतातील एका डोंगराळ खेड्यात राहिलो होतो. गावात परदेशी असे आम्ही एकटेच. दुकानात, टपाल कचेरीत, भातशेताच्या बांधावर लोक वाकून नमस्कार करीत आणि 'बुद्धाच्या देशातून आलेले' अशी आमची ओळख करून देत. ज्या जन्मामुळे आमच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्या जन्माची तेथे कोणास वार्ताही नव्हती. हा सन्मान आम्हांस सुखावीत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठी काही घरांची वस्ती होती. तिच्याविषयी विचारले की आमचे यजमान विषय बदलीत. तेथील माणसांचा चेहरा तोच, भाषा तीच आणि धर्मही बौद्धच. आमचे परकेपण दुरून दिसे. त्यांचे कागदपत्रांत दडलेले होते. मेलेली जनावरे ओढणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या लोकांना तोकुगावा राजवटीत 'एता' म्हणजे 'विपुल मळ' आणि इतर काहींना 'हिनिन' म्हणजे 'मनुष्य नव्हे' असे संबोधले जाई. १८७१ च्या आज्ञेने ही नावे रद्द झाली. परंतु १८७२ च्या कुटुंबनोंदणीत अनेक ठिकाणी 'नवे सामान्यजन' अशी खूण राहिली. ती नोंदणी १९६८ पर्यंत इतरांस पाहता येत असे. या वस्त्यांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जातात, हे १९७५ मध्ये उघडकीस आले. बुराकु भेदभाव नष्ट करण्याचा कायदा झाला तो २०१६ साली.

त्या वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस समाधिशिळा दाखविल्या. जपानमध्ये मृताला मंदिराचा भिक्खू धम्मनाम देतो व ते शिळेवर कोरतात. बुराकु मृतांच्या नामांत 'कातडे', 'दास', 'नीच' अशी अक्षरे घातलेली आढळतात. वृद्धांनी काठीने मातीत चार अक्षरे काढली : 'गहन', 'शेत', 'बैल', 'एक'. मग पहिली दोन एकावर एक लिहिली आणि पुढची दोनही तशीच. त्यातून शब्द झाला 'पशू'. घरच्यांना उमगू नये, पण दुसऱ्या भिक्खूला उमगावे, अशी ही विद्वत्ता!

या नामांतला दुसरा शब्द 'सेन्दारा'. तो ऐकताच आम्ही थबकलो. हा आपलाच 'चांडाल'. चिनी सूत्रांतून तो जपानला पोहोचला. अमितायुर्ध्यान सूत्रात अजातशत्रू आईवर तलवार उपसतो, तेव्हा जीवकादी मंत्री 'हे चांडालाचे कृत्य' म्हणून त्याला अडवितात. खड्ग क्षत्रियाच्या हाती आणि कलंक चांडालाच्या माथी! तोकुगावाकालीन भाष्यांत 'सेन्दारा' म्हणजे 'एता' असे स्पष्टीकरण आले. हे सूत्र जोदो शिन संप्रदायाच्या तीन मुख्य ग्रंथांपैकी एक, आणि बहुसंख्य बुराकु लोक त्याच संप्रदायाचे.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे सुइहेइशा ही त्यांची संघटना स्थापन झाली. तिचे घोषणापत्र लिहिणारे साइको मान्किची स्वतः नारा प्रांतातील एका बुराकु वस्तीच्या मंदिरात जन्मले होते. होंगान्जी मठांना वीस वर्षे देणगी देऊ नये, असे संघटनेने ठरविले. मंदिरांना मात्र उशिरा जाग आली. १९७९ साली प्रिन्स्टनच्या जागतिक धर्म व शांती परिषदेत सोतो झेनच्या प्रमुखांनी जपानात असा भेदभावच नाही असे सांगितले. १९८४ साली त्यांना ते विधान मागे घ्यावे लागले. त्यानंतर अनेक धम्मनामे बदलण्यात आली.

धम्मदीक्षा घेतली की जातीचा प्रश्न आपोआप सुटतो, असे आपल्याकडे कधीकधी बोलले जाते. त्या शिळांपुढे आम्हांस तसे म्हणवेना. ती अक्षरे भिक्खूंनीच निवडली होती.

वृद्धांनी विचारले, "हा शब्द तुमच्या देशात कोणासाठी वापरीत?" तेव्हा आम्ही आमचा जन्म सांगितला. यजमानांना तो अद्याप सांगितलेला नव्हता. मग सुत्तनिपातातील वसल सुत्ताची गोष्ट मोडक्या जपानीत सांगितली : चांडालपुत्र मातंगाच्या सेवेस क्षत्रिय व ब्राह्मण येत आणि तो ब्रह्मलोकास पोहोचला. "हे बुद्धाने सांगितले?" त्यांनी दोनदा विचारले.

सुत्तनिपाताचा प्रा. हाजिमे नाकामुरा यांनी केलेला जपानी अनुवाद १९५८ पासून उपलब्ध आहे. तो आम्ही मागवून दिला. त्यांनी मातंगाच्या गाथांपाशी खुणेचा कागद घातला आणि पुस्तक घरातील बुद्धवेदीवर ठेवले. यजमानांशी आम्ही त्याच रात्री बोललो.