मुंबई दूरदर्शन : एक केंद्र, चार ओळखी आणि सह्याद्रीपलीकडचा प्रेक्षक

१/ वरळीच्या मनोऱ्यावरून मराठी बोलणाऱ्या दूरचित्रवाणी केंद्राने पन्नास वर्षांत आपले नाव, मालक आणि संलग्नता अनेकदा बदलली. हे बदल कागदोपत्री वाटतात. मात्र नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या तालुक्याला मराठी कधी आणि किती ऐकू येणार, हे त्यांवरच ठरत गेले.

२/ मुंबई केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. दिल्लीत १९५९ पासून दूरचित्रवाणी होती; मुंबई हे देशातील दुसरे केंद्र. तेव्हा 'दूरदर्शन' ही स्वतंत्र संस्था नव्हती. हे केंद्र आकाशवाणीचाच एक विभाग होते.

३/ 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीविषयक कार्यक्रम, 'ज्ञानदीप', 'गजरा' आणि मराठी बातम्या ही या केंद्राची खरी ओळख ठरली. स्मिता पाटील चित्रपटांत नावारूपाला येण्यापूर्वी याच केंद्रावर वृत्तनिवेदन करीत असत.

४/ येथे भूगोल आडवा येतो. या प्रक्षेपणाच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. वरळीचा मनोरा उंच असला तरी सह्याद्री त्याहून उंच. घाट ओलांडण्यासाठी सहक्षेपण लागे. पुण्यासाठी सिंहगडावर तशी सोय झाली. मनमाड-नांदगावचा प्रदेश मात्र घाटाच्या पलीकडे, मुंबईपासून अडीचशे किलोमीटरांहून दूर. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम अशा रीतीने प्रामुख्याने महानगरातच दिसत राहिला.

५/ पहिला मोठा बदल १ एप्रिल १९७६ रोजी झाला. दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी होऊन 'दूरदर्शन' जन्माला आले, पी. व्ही. कृष्णमूर्ती पहिले महासंचालक झाले. चंदा समितीने १९६६ मध्येच असे विभाजन सुचवले होते, परंतु तिला स्वायत्त महामंडळे हवी होती. आणीबाणीच्या काळात विभाजन झाले, स्वायत्तता मात्र आली नाही. मालक तेच राहिले : माहिती व नभोवाणी मंत्रालय.

६/ दुसरा बदल १५ ऑगस्ट १९८२ चा. त्या दिवसापासून राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहाद्वारे दिल्लीहून देशभर जाऊ लागला. रंगीत चित्रेही त्याच वर्षी आली. रात्रीची मोक्याची वेळ आता मुंबईची उरली नाही. प्रादेशिक केंद्र त्या वेळेपुरते दिल्लीचे सहक्षेपण केंद्र झाले.

७/ ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. लहान गावांत दूरचित्रवाणी पोहोचली ती अशी. या प्रक्षेपकांना स्वतःचा स्टुडिओ नसे. उपग्रहावरून जे येई तेच ते पुढे पाठवीत. परिणामी अनेक मराठी गावांना घरातील पडद्यावर आधी दिल्लीची हिंदी भेटली, मुंबईची मराठी नंतर.

८/ पुढे मुंबईचे मराठी कार्यक्रम ठरावीक वेळेपुरते उपग्रहामार्फत राज्यातील प्रक्षेपकांना मिळू लागले. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली. प्रेक्षक तिला 'डीडी-१०' म्हणून ओळखू लागले. सह्याद्रीचा अडथळा तांत्रिकदृष्ट्या संपला. आता अडथळा होता केबल जोडणीचा, म्हणजे पैशांचा.

९/ तिसरा बदल मालकीचा. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला, पण अमलात यायला १९९७ उजाडले. दरम्यान फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले होते. मुंबई केंद्र मंत्रालयाकडून एका वैधानिक महामंडळाकडे गेले. निधीसाठी सरकारवरचे अवलंबन मात्र सुटले नाही.

१०/ ५ एप्रिल २००० रोजी वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. ज्या पर्वताने एकेकाळी मुंबईचे प्रक्षेपण अडवले, त्याचेच नाव वाहिनीने धारण केले. तोवर 'अल्फा मराठी' आली होती, त्याच वर्षी 'ई टीव्ही मराठी'ही आली. नाव संपूर्ण महाराष्ट्राचे झाले, तेव्हा मराठी प्रेक्षकावरची एकाधिकारशाही संपली होती.

११/ २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्काविना थेट घरपोच सेवा सुरू झाली. ॲनालॉग प्रक्षेपक अलीकडे टप्प्याटप्प्याने बंद झाले. आकाशवाणी, दूरदर्शन, राष्ट्रीय जाळे, प्रसार भारती : प्रत्येक बदलाच्या वेळी चर्चा झाली ती नियंत्रण दिल्लीत कोणाकडे राहील याची. घाटापलीकडच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत त्याच्या मातीविषयी कधी ऐकू येईल, हा प्रश्न प्रत्येक वेळी पुढच्या तंत्रज्ञानावर सोडला गेला. या केंद्राचा इतिहास वाचताना तारखांइतकीच ही दिरंगाईही मोजायला हवी.