प्रोफेसर केल्फा यांची जादू

सर्व संतांच्या सणाची, म्हणजे १ नोव्हेंबरची पूर्वसंध्या, तीच हॅलोविनची रात्र. त्या रात्री मुलांनी सोंगे घ्यावीत, छायाचित्रे काढून घ्यावीत, हे ख्रिस्ती कुटुंबास शोभते काय, असे पालक विचारतात. अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवतात.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके छायाचित्रकार होते आणि जादूगारही. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. १९१०च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. प्रभू येशूचे जीवन पडद्यावरून सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्यातूनच १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला.

पुढे १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची बालकन्या मंदाकिनी कृष्ण झाली. आरंभी ती आपल्याच रूपात चेहऱ्यावरचे नाना भाव दाखविते, आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. सोंगाआधी फाळके यांनी सोंग घेणारे लेकरू दाखविले!

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील शिमोन जादूगार स्वतःस कोणी थोर म्हणवून घेई आणि देवाचे दान पैशाने विकत घेऊ पाहत होता. त्याच्या जातीचे भोंदू आजही आहेत. त्यांच्यासाठीच महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. संकट आले की आपलीही माणसे चोरून त्यांच्या दारी जातात. पालकहो, खरी चिंता त्यांची करावी.

लेकराचे छायाचित्र खुशाल काढा. सकाळी मात्र त्याचा चेहरा धुऊन त्याला सर्व संतांच्या मिस्साला आणा.