शरणागतीचे डाव (एमएमए)

मिक्स्ड मार्शल आर्ट्स (एमएमए) या लढतीत प्रतिस्पर्ध्याला धरून, पाडून, त्याचा सांधा ताणून किंवा गळा आवळून हार कबूल करायला लावणारे डाव. अडकलेला मल्ल समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थापा मारतो. या खुणेला 'टॅप' म्हणतात. ती दिसताच पंच लढत थांबवतो.

परभणीजवळच्या पिंगळीपासून कोल्हापूरच्या खासबाग मैदानापर्यंत मातीतल्या कुस्तीचा निकाल पाठीवर ठरतो. पाठ टेकली की पैलवान चीत. 'अस्मान दाखवणे' याचा अर्थच हरवणे. एमएमएत मात्र अस्मान दिसल्याने काहीच संपत नाही. ब्राझिलियन जुजुत्सूचा जाणकार उताणा पडून प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला पायांची कैची घालतो (गार्ड) आणि खालूनच लढतो. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) स्पर्धेत रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन प्रतिस्पर्धी याच विद्येने शरण आणले.

गळ्याच्या डावांत मागून आवळणे (रिअर नेकेड चोक), मान काखेत धरणे (गिलोटिन) आणि मांड्यांचा त्रिकोण (ट्रँगल) हे मुख्य. श्वास कोंडणे हा त्यांचा खरा हेतू नव्हे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या, की साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. सांध्यांच्या डावांत आर्मबार कोपर उलट ताणतो, तर हील हुक टाच पिळून गुडघ्याचे अस्थिबंध तोडू शकतो. 'किमुरा' हा खांदा पिळणारा डाव. जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने १९५१ साली रिओ दि जानेरोत रॉयसच्या वडिलांचा, हेलिओ ग्रेसीचा, हात याच डावाने मोडला. हेलिओ मात्र शरण गेला नाही.

एमएमएत उतरणाऱ्या आखाड्यातल्या पैलवानाला पाडापाडी शिकवावी लागत नाही. अडचण त्याच्या मुरलेल्या सवयींची आहे. पट काढायला (पाय धरून पाडायला) तो खाली घुसतो, तेव्हा मान आयतीच काखेत जाते. खाली गेला की चीत होऊ नये म्हणून पोटावर पडून राहतो. मातीत तो बचाव, पण इथे पाठ आणि गळा दोन्ही दिल्यासारखे. ढाकही (मान आवळून जमिनीवर फेकणे) दुधारी. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये (१९५२) कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचा हा नावाजलेला डाव. एमएमएत तो फसला, तर मारणाऱ्याचीच पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागते. 'घुटना' या डावात गुडघा मानेवर येतो खरा, पण तो पैलवानाला उलथवण्यासाठी, शरण आणण्यासाठी नव्हे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तर गळा दाबण्यास बंदीच आहे.

कुस्तीतून आलेला मुंबईचा भरत खंडारे यूएफसीत उतरला तो २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे. चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिनने हरवले. एका लढतीवरून कुस्तीला कमी लेखणे चूक ठरेल. पाडणारा कुठे पडायचे ते ठरवतो, आणि एमएमएत ही मोठी सत्ता आहे. म्हणून कुस्तीगीराला पट सोडायला सांगत नाहीत. डोके वर, हनुवटी छातीशी, आणि खाली गेल्यावर पोटावर न राहता समोरच्याकडे वळणे, एवढे त्याच्या अंगवळणी पाडले जाते.